मानांकन भिंतींचे की बालशिक्षणाचे?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रातील अनेक गावांच्या अंगणवाड्यांवर एक नवा फलक झळकू लागला आहे. ‘आयएसओ मानांकित अंगणवाडी’ अशी अक्षरे त्यावर ठळकपणे रंगविलेली असतात. हे मानांकन मिळावे म्हणून ठिकठिकाणी लोकवर्गणी जमली. भिंतींवर ससे, मोर आणि मुळाक्षरे रंगली. पाण्याची टाकी आली, स्वच्छतागृहाला दार बसले आणि नोंदवह्या कपाटात ओळीने लागल्या. यांतील एकही गोष्ट वाईट नाही. ज्या अंगणवाडीला वर्षानुवर्षे धड छप्पर नव्हते तिला छप्पर मिळाले असेल, तर त्याचा आनंदच मानला पाहिजे. तथापि या फलकाखालून रोज सकाळी आत जाणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न त्या फलकाने सुटत नाही.

‘आयएसओ ९००१’ हे मूलत: व्यवस्थापनपद्धतीचे प्रमाणक आहे. कारखाना, बँक, रुग्णालय किंवा अंगणवाडी, त्याच्या लेखी सारे सारखेच. कामाची रीत ठरलेली आहे काय, ती लिहून ठेवली आहे काय, तिच्या नोंदी राहतात काय, एवढेच ते प्रामुख्याने पाहते. प्रमाणपत्रही ती आंतरराष्ट्रीय संघटना स्वत: देत नाही, शुल्क घेऊन तपासणी करणाऱ्या प्रमाणन संस्था ते देतात. मुलाने ‘पाऊस कुठून येतो?’ असे विचारले असता ताईंनी त्याला जवळ घेऊन उत्तर दिले की ‘गप्प बैस’ म्हटले, हे पाहण्याची सोय या पद्धतीत नाही. आणि बालशिक्षणाचा दर्जा म्हणून जे काही असते ते बव्हंशी याच एका क्षणात सामावलेले असते.

म्हणूनच बालवाड्यांचे आणि अंगणवाड्यांचे गुणांकन करावे काय, हा आजचा खरा प्रश्न नव्हे. गुणांकन होतच आहे आणि पुढेही होणार आहे. प्रश्न आहे तो, मोजावयाचे काय, मोजावयाचे कोणी आणि मोजून झाल्यावर करावयाचे काय, हा.

बोर्डीची शिकवण

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. किंबहुना ‘अंगणवाडी’ हा शब्दच मुळी दर्जाविषयीच्या एका मूलगामी विचारातून जन्मला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली तेव्हा बालशिक्षण हे शहरातील सुस्थित घरांपुरतेच होते. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती आणि ती हाताळणारी मुले स्वच्छ, पोटभर जेवलेली, पुस्तके असलेल्या घरांतून येणारी होती. ही पद्धत खेड्यात रुजेल काय, याचा शोध घेण्यासाठी ताराबाई १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली समाजाच्या वस्तीत गेले.

तेथे जे घडले ते आजच्या प्रत्येक गुणांकनकर्त्याने समजून घेण्यासारखे आहे. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या वस्तीच्या अंगणात नेण्यात आली, तीच अंगणवाडी. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली; तिला कुरणशाळा म्हटले गेले. विकतच्या साधनांऐवजी शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, माती आणि बांबू ही साधने झाली. मुलांची नखे कापणे, केस विंचरणे, त्यांना आंघोळ घालणे हा शिक्षणापूर्वीचा उपचार नसून शिक्षणाचाच भाग मानला गेला. भिंती नव्हत्या, फलक नव्हता. परंतु दर्जा निश्चितपणे होता. कारण त्या कामामागे मुलाचे बारकाईने निरीक्षण होते आणि मुलाला जे हवे त्याप्रमाणे संस्थेने बदलावे, संस्थेच्या सोयीप्रमाणे मुलाने नव्हे, हे तत्त्व होते.

चिंचोक्यांचे साधे उदाहरण घ्यावे. एका बालवाडीत ताई मुलांपुढे चिंचोके ठेवतात आणि ‘एक, दोन, तीन’ असे सर्वांकडून एका सुरात म्हणवून घेतात. दुसऱ्या बालवाडीत त्या दोन ढीग करतात आणि ‘कोणत्या ढिगात जास्त असतील?’ असे विचारून थांबतात. मुले अंदाज करतात, वाद घालतात, एकास एक जोड्या लावून पाहतात, चुकतात आणि पुन्हा मांडतात. साधन तेच, मुले तीच, खर्चही तोच. पहिल्या ठिकाणी पाठांतर झाले. दुसऱ्या ठिकाणी गणित झाले. तपासनीस जर साहित्याची यादी घेऊन आला असेल, तर त्याच्या यादीत दोन्ही ठिकाणी ‘चिंचोके: आहेत’ एवढीच नोंद होईल.

विस्तार झाला, शिक्षण मागे राहिले

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण यांचे शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका छताखाली देण्याची ही कल्पना भव्य होती व आजही आहे. पुढे अन्नाच्या हक्काविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी ही सेवा सर्व वस्त्यांपर्यंत नेण्याचा आणि अंगणवाड्यांची संख्या किमान १४ लाखांपर्यंत वाढविण्याचा आदेश दिला. संख्येचे ते उद्दिष्ट बव्हंशी साध्यही झाले. एवढ्या लहान वयाच्या एवढ्या मुलांपर्यंत पोहोचणारी दुसरी व्यवस्था जगात क्वचितच असेल.

परंतु सहा सेवांपैकी शिक्षणाची सेवा प्रारंभापासूनच शेपटाला राहिली. याचे कारण सेविकांच्या आळसात शोधणे अन्यायाचे ठरेल. वजन किलोग्रॅममध्ये मोजता येते, लशीची तारीख लिहिता येते, वाटलेल्या आहाराचा हिशेब मागता येतो. मुलाची जिज्ञासा वाढली काय, तो इतरांबरोबर खेळावयास शिकला काय, गोष्ट ऐकून ती आपल्या शब्दांत सांगू लागला काय, याचा रकाना नोंदवहीत नव्हता. ज्याचा रकाना नसतो त्याची विचारणा होत नाही आणि ज्याची विचारणा होत नाही ते काम मागे पडते, हा प्रशासनाचा नियमच आहे. २०२१ पासून नोंदवहीच्या जागी ‘पोषण ट्रॅकर’ हे मोबाइलवरील नोंदतंत्र आले. त्याच वर्षी महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. यंत्रे निकृष्ट आहेत आणि नोंद इंग्रजीतून करावी लागते, अशी त्यांची तक्रार होती. वहीची जागा यंत्राने घेतली तरी मोजण्याची दृष्टी बदलली नाही. मात्र मुलांसमोर बसावयाच्या वेळातील काही भाग पडद्याकडे पाहण्यात जाऊ लागला.

कायद्यानेही या वयाच्या मुलाकडे पाठ फिरविली आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढे मार्गदर्शक तत्त्व अनुच्छेद ४५ मध्ये उरले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही शासन अशी व्यवस्था ‘करू शकेल’ असे म्हटले आहे. ‘करील’ असे नव्हे. या दोन क्रियापदांमधील अंतरात कोट्यवधी मुलांचे बालपण अडकून पडले आहे. पहिलीतील मुलाच्या पालकास वर्ग भरत नाही म्हणून दाद मागता येते. चार वर्षांच्या मुलाच्या पालकास ती वाट जवळजवळ बंदच आहे.

खासगी बालवर्गांची दुसरी बाजू

अंगणवाडीला नावे ठेवून खासगी बालवर्गांकडे बोट दाखविणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. शहरांत आणि आता तालुक्याच्या गावीही ‘नर्सरी’, ‘ज्युनिअर केजी’, ‘सीनिअर केजी’ यांचे पेव फुटले आहे. तेथे गणवेश असतो, दप्तर असते, इंग्रजी कविता असतात आणि घरचा अभ्यासही असतो. ज्या वयात बोटांचे स्नायू पेन्सिल पेलण्याइतके तयार झालेले नसतात, त्या वयात ओळीच्या ओळी गिरविल्या जातात. प्राध्यापक यशपाल समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा पुरस्कार करताना बालवर्गांतील प्रवेशचाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात व या वर्गांवर नियमन असावे, असे स्पष्टपणे सुचविले होते. महाराष्ट्राने १९९६ मध्ये बालवर्गप्रवेशासाठी मुलांच्या आणि पालकांच्या मुलाखतींना आळा घालणारा कायदा केला, हे राज्याला भूषणावह आहे. परंतु प्रवेशानंतर आत काय चालते, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ गेल्यावर, २०२५ मध्ये, खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांनी शासनाकडे माहितीची नोंद करावी असे सांगण्यात आले. नोंदणी आवश्यकच आहे. पण नोंदणी म्हणजे दर्जा नव्हे. दुकानाला परवाना मिळाला म्हणून माल चोख ठरत नाही.

दिल्लीचे आंबेडकर विद्यापीठ आणि ‘असर’ केंद्र यांनी राजस्थान, आसाम आणि तेलंगणासह तेव्हाचा आंध्र प्रदेश येथील सुमारे १४ हजार मुलांचा काही वर्षे मागोवा घेतला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने दोन्ही बाजूंचे भ्रम दूर केले. अंगणवाडीत शिक्षणाचा अंश थोडा आणि खासगी बालवर्गात जो होता तो वयाला न पेलणारा. परिणामी पाचव्या वर्षी शाळेसाठी म्हणून जी तयारी असावयास हवी ती बहुसंख्य मुलांत नव्हती. जेथे खेळातून, संभाषणातून आणि वयाला साजेशा कृतींतून काम चाले, तेथील मुले मात्र पुढे होती. म्हणजे फी भरणाऱ्या पालकाला जो दर्जा आपण विकत घेत आहोत असे वाटते, तो पुष्कळदा केवळ त्याचा देखावा असतो. बिचाऱ्या पालकाचाही दोष नाही. त्याला दिसतात ती मुळाक्षरे आणि इंग्रजी शब्द. त्यावरून तो पारख करतो. दुसरे कोणतेही माप त्याच्या हाती कोणी दिलेलेच नाही.

मोजपट्टी कोणती?

अन्य देशांनी या मापाचा शोध दीर्घकाळ घेतला आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० मध्ये बालकेंद्रांच्या वातावरणाचे मूल्यमापन करणारी सात पायऱ्यांची मोजपट्टी सिद्ध केली. तिच्यात पहिली पायरी अपुरेपणाची, तिसरी किमान पातळीची, पाचवी चांगल्याची आणि सातवी उत्कृष्टाची. प्रशिक्षित निरीक्षक काही तास वर्गात नुसता बसून राहतो आणि जागा, साधने, मुलांची निगा, भाषा, खेळ, मोठ्यांचे मुलांशी वागणे यांची नोंद घेतो. या मोजपट्टीचा आधार घेऊन चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने तमिळनाडूतील बालकेंद्रांना लागू पडेल असे रूप तयार केले. परदेशी माप जसेच्या तसे न लादता ते इथल्या खोलीला, इथल्या मुलांच्या संख्येला आणि इथल्या साधनांना जुळवून घेता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

पुढे अमेरिकेतील राज्यांनी हे गुणांकन सार्वजनिक केले. ओक्लाहोमा राज्याने १९९८ मध्ये उपाहारगृहांना किंवा विश्रामगृहांना द्यावेत तसे बालकेंद्रांना तारे देण्यास प्रारंभ केला. जितके तारे अधिक तितके शासकीय अनुदान अधिक, अशी ती योजना होती. एकामागून एक बहुतेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. २०११ पासून संघशासनानेही त्यासाठी मोठा निधी दिला. हेतू निर्मळ होता: पालकांना निवड करता यावी आणि केंद्रांना सुधारण्याची ओढ लागावी.

अनुभव मात्र संमिश्र आला. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अनेक राज्यांतील बालवर्गांच्या माहितीवरून हे तारे मुलांच्या प्रगतीचे भाकीत करतात काय, याची तपासणी झाली. अनेक बाबींची बेरीज करून बनविलेल्या एकत्रित गुणांकनाचा मुलांच्या शिकण्याशी फारसा संबंध आढळला नाही. ज्या एका बाबीचा संबंध त्यातल्या त्यात अधिक दिसला ती बाब म्हणजे शिक्षक आणि मूल यांच्यामधील प्रत्यक्ष देवाणघेवाण. शिक्षिकेची पदवी, कागदोपत्री गुणोत्तर, कुटुंबांशी संपर्क या सर्वांचे गुण एकत्र केले की मुख्य गुण त्यांत विरघळून जातो. दुधात पाणी घालून माप वाढवावे, तसाच हा प्रकार झाला.

बालशिक्षण म्हटले की लाभ होणारच, ही समजूतही तपासून घेण्याजोगी आहे. मिशिगनमधील इप्सिलांटी येथे १९६२ ते १९६७ या काळात १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांवर झालेला पेरी बालशाळेचा प्रयोग जगप्रसिद्ध आहे. ज्यांना बालशाळा मिळाली त्यांचे पुढचे आयुष्य चाळिसाव्या वर्षापर्यंत पाहिले गेले आणि शिक्षण, कमाई व कायदापालन या तिन्ही बाबतींत ती मुले सरस ठरली. बालशिक्षणावर खर्चिलेल्या पैशाच्या परताव्याचे आकडे सभासमारंभांतून सांगितले जातात ते बहुतेक याच प्रयोगावरून. पण त्या प्रयोगात सहा-सात मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षक होता आणि शिक्षक दर आठवड्यास मुलाच्या घरी जात असे, हे सांगावयाचे मात्र राहून जाते. याउलट टेनेसी राज्याच्या व्यापक बालवर्ग योजनेतील सुमारे तीन हजार मुलांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा बालवर्गात गेलेली मुले सहावीपर्यंत पोहोचताना न गेलेल्यांच्या मागे पडलेली दिसली. कारणांविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. एवढे मात्र खरे की बालवर्गाचे नाव लावल्याने बालकाचे हित आपोआप होत नाही. पेरीचा लाभ हवा असेल तर पेरीची निगाही द्यावी लागते.

परीक्षा आधी कोणाची?

आपल्याकडे नियमांचा तुटवडा नाही. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व बालशिक्षण धोरणाने किमान निकष घालून दिले आहेत. तीस मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली, बाहेर खेळावयास जागा, तीन ते चार तासांचा कार्यक्रम, मातृभाषेतून शिक्षण, तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे आणि तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती, असे ते निकष आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एका पायाभूत टप्प्यात आणली आणि सेविकांसाठी सहा महिन्यांचे प्रमाणपत्र किंवा एक वर्षाची पदविका सुचविली. २०२२ मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही आला आणि २०२३ मध्ये ‘पोषण भी पढ़ाई भी’ या नावाने सेविकांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. कागद उत्तम आहेत; परंतु कागद अंगणात उतरवावयाचा तो एकट्या सेविकेने.

तिची स्थिती काय आहे? पगार नव्हे, तिला ‘मानधन’ मिळते. केंद्राने ठरविलेले मानधन २०१८ मध्ये ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये झाले आणि मदतनिसाचे १,५०० वरून २,२५० रुपये. राज्ये त्यात आपली भर घालतात. पण ती भर वाढावी म्हणून महाराष्ट्रातील सेविकांना पुन:पुन्हा संपावर जावे लागले आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शासकीय पदधारक नाहीत असा निर्णय दिला आणि २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. म्हणजे काम संपल्यावर ती कर्मचारी ठरली; काम चालू असताना मात्र ती मानसेवीच. याच सेविकेने लापशी-खिचडीची व्यवस्था पाहावयाची, वजने घ्यावयाची, गरोदर मातांच्या घरी जावयाचे, सर्वेक्षणे करावयाची, निवडणुकीच्या याद्यांचे काम आले तर तेही करावयाचे आणि उरलेल्या वेळात तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांना एकाच खोलीत, प्रत्येकाच्या वयाप्रमाणे, खेळातून शिकवावयाचे. मेळघाटातील मूल कोरकू बोलते, डहाणूतील वारली, गडचिरोलीतील गोंडी. मातृभाषेचा निकष पाळावयाचा तर तोही तिनेच.

अशा परिस्थितीत अंगणवाडीला दोन तारे मिळाले, तर ते दोन तारे कोणाचे? तीस चौरस मीटरही जागा नसलेल्या भाड्याच्या खोलीत ती अंगणवाडी भरविणाऱ्या बाईचे, की ती खोली तिच्या हवाली करून निश्चिंत झालेल्या शासनाचे? गुणांकनाचे दोन भाग करणे हाच यावर न्याय्य मार्ग आहे. खोली, पाणी, स्वच्छतागृह, मनुष्यबळ, साहित्य आणि मानधनाची नियमितता यांचे गुण शासनाच्या खात्यावर मांडले जावेत. खासगी केंद्रांत ते चालकाच्या खात्यावर मांडावेत. मुलांशी होणाऱ्या देवाणघेवाणीचे गुण तेवढे सेविकेच्या किंवा शिक्षिकेच्या कामाविषयी असावेत, आणि तेही तिला शिक्षा करण्यासाठी नव्हे, तर तिला कोणती मदत हवी हे कळावे यासाठी.

ही मदत देणार कोण? व्यवस्थेत पर्यवेक्षिका आहे. वीस-पंचवीस अंगणवाड्या तिच्याकडे असतात आणि तिचाही बहुतेक वेळ नोंदी तपासण्यात व अहवाल जुळविण्यात जातो. तिने महिन्यातून एकदा तरी अंगणवाडीत पूर्ण सकाळ बसावे, वही न उघडता मुलांकडे आणि सेविकेकडे पाहावे आणि निघताना एकच गोष्ट सुचवावी. पुढच्या खेपेस त्या गोष्टीचे काय झाले ते पाहावे. दोषदर्शन करणारा साहेब आल्याचे कळताच वर्ग सजतो आणि तो गेल्यावर पूर्वपदावर येतो, हे शिक्षकांना सांगावयास नको. सोबत बसणाऱ्या जाणत्या बाईसमोर मात्र अडचण मोकळेपणाने मांडता येते. कोसबाडच्या परंपरेत निरीक्षण होते ते याच अर्थाचे. त्यासाठी पर्यवेक्षिकांची रिक्त पदे भरली पाहिजेत, त्यांचे स्वत:चे शिक्षण बालशिक्षणातील असले पाहिजे आणि शिक्षणाच्या तासांपुरती तरी अंगणवाडीत दुसरी शिक्षिका दिली पाहिजे.

यावर एक आक्षेप संभवतो. बालपण हे मोजण्याची वस्तू नव्हे. मोजमाप आले की मुलाला परीक्षेला बसविले जाईल आणि आज चौथीत आहे तो ताण उद्या चौथ्या वर्षी येईल, असे काही शिक्षणप्रेमी म्हणतात. भीती निराधार नाही. मुलांची चाचणी घेऊन त्यांच्या गुणांवरून केंद्राचा दर्जा ठरविला, तर तो दिवस दूर नाही. म्हणूनच मोजावयाचे ते मुलाला नव्हे, त्याला दिलेल्या वागणुकीला, ही सीमारेषा कटाक्षाने पाळली गेली पाहिजे. पण मोजणेच नको असे म्हणणे हा मात्र सुस्थितांचा विलास ठरेल. सुशिक्षित घरातील मुलाला बालवर्ग वाईट मिळाला तरी घरी गोष्टी सांगणारी आजी असते, चित्रांची पुस्तके असतात. ऊसतोड कामगाराच्या, वीटभट्टीवरील मजुराच्या किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाला अंगणवाडीतले ते तीन तास वाईट मिळाले तर त्याला भरपाई नाही. मोजले नाही तर दुर्लक्ष दिसत नाही आणि न दिसणारे दुर्लक्ष नेहमी दुबळ्याच्याच वाट्याला येते.

तेव्हा मोजावे, पण पालकाला समजेल अशा भाषेत मोजावे. गावच्या ग्रामसभेत अंगणवाडीचा अहवाल वाचला जावा आणि त्यात चारच प्रश्न असावेत. आज मुलांना गोष्ट सांगितली काय? ती बाहेर खेळली काय? ताईंनी प्रत्येक मुलाशी त्याचे नाव घेऊन संभाषण केले काय? आणि हे करता यावे म्हणून शासनाने जे द्यावयाचे ते दिले काय? पहिल्या तीन प्रश्नांचे उत्तर सेविकेने द्यावे, चौथ्याचे प्रकल्प अधिकाऱ्याने. हेच चार प्रश्न शहरातील फी घेणाऱ्या बालवर्गालाही विचारले जावेत, केवळ चौथ्या प्रश्नात शासनाच्या जागी चालकाचे नाव घालावे. ‘इंग्रजी किती आले?’ हा प्रश्न पालकांनी थोडा बाजूस ठेवला, तर या चार प्रश्नांचे महत्त्व त्यांना सहज पटेल.

अंगणवाडी ही कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली. ती देताना ताराबाई आणि अनुताई यांनी तिच्यासोबत एक मापही दिले होते: मूल आनंदाने येते काय, बोलते काय, हाताने काही करून पाहते काय. कल्पना देशभर पसरली, माप मात्र मागे राहिले आणि त्याच्या जागी फलक आले. ते माप शोधून पुन्हा हाती घेण्यास ना मोठा निधी लागतो, ना परदेशी प्रमाणपत्र. सेविकेला माणसासारखे वेतन, मुलांपाशी बसण्याइतकी फुरसत आणि पाठीशी उभी राहणारी जाणती पर्यवेक्षिका या तीन गोष्टी दिल्या, तर भिंतीवर काय लिहावयाचे याची चिंता कोणाला करावी लागणार नाही.